ग्रीक-लॅटिन घेऊन विद्यापीठात: माझी चार वर्षं आणि तुमचे प्रश्न

तेरणाकाठ

बारावीनंतर 'क्लासिक्स' घेतात म्हणजे नक्की काय शिकतात, असं एका ताईंनी आपल्या लेकीसाठी विचारलं होतं. उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे.

आधी माझी ओळख. माझं आजोळ तेर, धाराशिव जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं तेर. पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. केलं. दोन वर्षं जर्मन शिकले आणि मग हायडेलबर्गला पुन्हा पहिल्यापासून बी.ए.ला बसले. विषय क्लासिकल फिलॉलॉजी, म्हणजे प्राचीन ग्रीक आणि लॅटिन. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, मला चार लागली. घरात एक पदवी असताना दुसरी तीच पदवी कशाला, हे आईला समजावून सांगताना मला स्वतःलाही ते नीट सांगता येत नव्हतं. आज सांगता येईल असं वाटतं.

हा विषय म्हणजे ग्रीक देवांच्या गोष्टी आणि रोमन सम्राटांच्या लढाया, असं समजून येणाऱ्यांची पहिल्याच सत्रात फार ओढाताण होते. इतिहास, तत्त्वज्ञान, शिल्प, नाणी, शिलालेख हे सगळं त्यात आहेच, पण आधी भाषा. सकाळी ग्रीक, दुपारी लॅटिन, रात्री धातुरूपं. जर्मन मुलं शाळेतच पाच-सहा वर्षं लॅटिन शिकून आलेली असतात. ज्यांचं झालेलं नसतं त्यांना 'लॅटिनुम' आणि 'ग्रेकुम' या परीक्षा द्याव्या लागतात. ग्रेकुमला प्लेटोच्या तोडीचा न वाचलेला उतारा समोर येतो. शब्दकोश जवळ ठेवू देतात, पण प्रत्येक शब्दासाठी कोश उघडणाऱ्याचा वेळ पहिल्या चार ओळींतच संपतो.

त्याहून अवघड म्हणजे श्टीलउबुंगेन. जर्मन उतारा देतात आणि तो रोमन वक्ता सिसेरोने लिहिला असता तशा लॅटिनमध्ये करायला सांगतात. शब्द बरोबर असून भागत नाही, वाक्याची घडण त्याची हवी. माझी पहिली वही परत आली तेव्हा कागदावर लाल शाईच जास्त होती. पण लॅटिन मला खरं आलं ते तिथेच. वाचताना माणूस अंदाजाने पुढे सरकतो, लिहिताना तसं सरकता येत नाही.

संस्कृतचा उपयोग झाला का? पुष्कळ. ग्रीकमध्ये द्विवचन आहे. आत्मनेपदासारखा प्रयोग आहे. भूतकाळात धातूच्या आधी आपला 'अ' लागतो तसा त्यांचा 'ए' लागतो: आपलं 'अभरम्', त्यांचं 'एफेरोन'. वर्गातली मुलं ही रूपं रटत होती, मी मात्र ओळखीच्या गल्लीतून चालल्यासारखी चालले होते. पण याच ओळखीने मला फसवलंही. अभिजात संस्कृतात लुङ् हा भूतकाळ क्वचित भेटतो, ग्रीकमध्ये त्याचा भाऊबंद ऑरिस्ट दर वाक्यात उभा असतो. शिवाय ग्रीक वाक्यात 'मेन', 'दे', 'गे', 'गार' असे बारीक शब्द सतत पेरलेले असतात. तिथे मला संस्कृतपेक्षा मराठी जास्त कामी आली. 'तू गेलास', 'तूच गेलास', 'तू तर गेलास', 'तू गेलास ना' यांतला फरक ज्याला कोणी न शिकवता कळतो, त्याला सॉक्रेटिसच्या संवादातला 'गे' कळायला वेळ लागत नाही.

आता ज्या एका तासासाठी हा सगळा खटाटोप केला असं आज वाटतं, तो सांगते.

तिसऱ्या वर्षी प्राचीन व्यापारावर एक सेमिनार होतं. त्यात 'पेरिप्लस' लावलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून लाल समुद्रामार्गे हिंदुस्थानात येणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली ही बंदरांची माहिती. 66 छोटी प्रकरणं. लेखकाचं नाव कुणालाही माहीत नाही. भाषा साधी, हिशेबी, वळणं नाहीत. त्याचं मुख्य हस्तलिखित दहाव्या शतकातलं, आणि ते हायडेलबर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयातच आहे. तीस वर्षांच्या युद्धात हा संग्रह रोमला गेला, नेपोलियनच्या काळात त्यातल्या काही पोथ्या पॅरिसला गेल्या, 1816 च्या सुमारास या पोथ्या परत आल्या. त्यांत ही एक.

पन्नासाव्या प्रकरणात तो सांगतो की भडोचच्या पुढच्या मुलखाला 'दाखिनाबादेस' म्हणतात, कारण तिथले लोक दक्षिणेला 'दाखानोस' म्हणतात. ही ओळ मी मोठ्याने वाचली आणि थांबले. हा दक्षिणापथ. कुठल्या तरी धक्क्यावर उभं राहून त्या माणसाने कुणाला तरी विचारलं असेल, तुम्ही या दिशेला काय म्हणता? कुणीतरी आपल्या प्राकृतात उत्तर दिलं, आणि त्याने ते कानाला लागलं तसं लिहून ठेवलं.

पुढच्याच प्रकरणात दोन बाजारपेठा येतात. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर एक, आणि तिच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर 'तागारा'. तागारा म्हणजे तगर, आमचं तेर, हे शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवून दिलं. पहिल्या पेठेतून अकीकाच्या जातीचा दगड जातो. तगरहून जाडंभरडं कापड आणि नाना तऱ्हेची तलम वस्त्रं जातात. हा सगळा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या लांबच लांब मुलखातून भडोचला पोचतो. आजी सांगायची, पावसाळ्यानंतर पांढरीच्या टेकाडावर मणी उघडे पडायचे आणि पोरी ते वेचून ओवायच्या.

पण पहिल्या पेठेचं नाव हस्तलिखितात 'प्लिथाना' असं आहे. छापील प्रतीत 'पैथाना' केलेलं आणि पानाच्या तळाशी बारीक टीप: हस्तलिखितात प्लिथाना. सरांनी विचारलं, हा बदल करायचा अधिकार संपादकाला कुणी दिला? एकाने सांगितलं, भूगोलावरून. सर म्हणाले, ते नंतर, आधी अक्षरांकडे बघा. मी मोठ्या लिपीत वहीवर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. ग्रीक आल्फा म्हणजे एकमेकींना टेकवलेल्या दोन तिरक्या काठ्या आणि मध्ये आडवी दांडी. लाम्ब्दा म्हणजे त्याच दोन काठ्या, दांडी नाही. नकलणाऱ्याच्या समोरच्या प्रतीत ती दांडी पुसट झाली असणार. आपल्याकडे 'ब'च्या पोटातली रेघ राहिली की त्याचा 'व' होतो, अगदी तसंच. पैठणचं प्लिठण झालं ते एवढ्याशा रेघेने.

तोपर्यंत पाठभेद, पाठचिकित्सा हे शब्द मी परीक्षेपुरते लिहीत होते. त्या दिवशी कळलं की हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचं कुठलंही वाक्य आपल्यापर्यंत येतं ते असं हातांहातांतून, रेघा गमावत येतं. त्या रेघा परत शोधणं हे काम आहे, आणि ते भाषा आल्याशिवाय होत नाही.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

शब्दरूपावली

फार दिवसांनी इतकं मनापासून लिहिलेलं वाचलं. मी तीस वर्षं संस्कृत शिकवतो. दोन गोष्टींची भर घालतो.

'सूर्ये अस्तं गते', म्हणजे सूर्य मावळल्यावर, ही आपली सतिसप्तमी. ग्रीक हेच षष्ठीत करतात, आणि लॅटिन पंचमीत. तिघांची कल्पना एक, विभक्ती निराळी. मुलांना हे सांगितलं की सतिसप्तमी हे पाठ करायचं कलम न राहता बोलण्याची एक जुनी लकब वाटायला लागते.

दुसरं, आपलं 'ददर्श' (पाहिलं) आणि ग्रीक 'देदोर्का'. धातू तोच, द्वित्व तेच. आणि ऋग्वेदातलं 'अक्षित श्रव', न झिजणारी कीर्ती. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या नवव्या सर्गात अकिलीस हा योद्धा तेच 'क्लेओस आफ्थितोन' म्हणतो. ही जोडी कून या जर्मन पंडिताने 1853 मध्ये दाखवली. नुसत्या शब्दांचं साम्य तर आहेच, पण कीर्ती झिजत नाही ही कवींची बोलण्याची रीतही सारखी आहे. मी दर वर्षी हे फळ्यावर लिहितो.

ताई, होमरच्या वृत्ताबद्दल लिहा ना.

तेरणाकाठ

सर, नमस्कार. वृत्ताबद्दल आनंदाने.

होमरची ओळ सहा पायांची. प्रत्येक पाय एक गुरू आणि दोन लघू, म्हणजे आपला 'भ' गण. किंवा त्या दोन लघूंच्या जागी एक गुरू. पाचवा पाय बहुतेक वेळा 'भ'च असतो. शेवटचा दोन अक्षरांचा. जोडाक्षराच्या आधीचा स्वर गुरू होतो हा नियमही आपलाच. शाळेत 'यमाताराजभानसलगम्' घोकलेलं होतं, त्यामुळे वर्गातल्या मुलांनी जिथे दोन महिने घातले तिथे मला दोन आठवडे पुरले. अडचण एवढीच की अक्षरगणवृत्ताची सवय असल्याने प्रत्येक ओळीत अक्षरं सारखी असावीत असं मला सुरुवातीला वाटत राहायचं. त्यांचा हिशेब आपल्या मात्रावृत्तांना जवळचा आहे.

रोखठोक

लेख आवडला, तरी एक मनातलं विचारतो, राग मानू नका. इंग्रजांच्या काळात ग्रीक-लॅटिन ही आपल्या लोकांना बाहेर ठेवायची फळी होती. आयसीएस या वरिष्ठ सरकारी नोकरीच्या 1855 मधल्या पहिल्या खुल्या परीक्षेत ग्रीकला 750 गुण, लॅटिनला 750, आणि संस्कृतला व अरबीला 375-375. म्हणजे ज्ञान तेवढंच मिळवा, गुण निम्मे घ्या. असं असताना आपल्या पोरांनी स्वतःचे शिलालेख, मोडी दफ्तरं सोडून त्यांच्या भाषांवर आयुष्यातली चार वर्षं का घालवावीत? मोडी वाचणारे किती उरलेत ते बघा.

तेरणाकाठ

रोखठोक, राग कसला. हा प्रश्न मला हायडेलबर्गला जायच्या आधीपासून छळतो आहे, आणि तुमचे आकडे खरे आहेत. त्या 750 गुणांमुळेच या भाषांना साहेबी वास चिकटला.

माझं म्हणणं असं आहे. कल्याणबद्दल पेरिप्लस काय म्हणतो बघा. थोरल्या 'सारागानोस'च्या, म्हणजे सातकर्णीच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. नंतर ती 'सांदानेस'च्या ताब्यात गेली आणि व्यापार आडकला. चुकून तिथे शिरलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेतात. ही सातवाहन आणि क्षत्रपांच्या झगड्याची बातमी आहे, आणि ती या पुस्तकात ग्रीकमध्ये आहे. चौल, सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही सगळी नावं त्यात आहेत. दुसऱ्या बाजूने कार्ल्याच्या लेण्यात जा, धेनुकाकटाहून आलेल्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. जुन्नरलाही यवनांची दानं आहेत. हा एकच व्यवहार दोन भाषांत नोंदलेला आहे. आपण फक्त एकच भाषा वाचणार असू, तर दुसऱ्या बाजूसाठी कायम कुणाच्या तरी भाषांतरावर अवलंबून राहायचं, आणि ते भाषांतर करणारा पैठण न पाहिलेला असणार.

मोडीबद्दल तुम्ही म्हणता ते मला शंभर टक्के मान्य आहे. कुणी ग्रीकऐवजी मोडी शिकली तर मी तिला अडवणार नाही, मला आनंदच होईल. मी ग्रीककडे वळले कारण मला तगरच्या त्या गाड्या कुठे जात होत्या ते बघायचं होतं.

मांडवीपार

देव बरें करूं. मी गोव्याचा, बार्देशचा. तरुणपणी काही वर्षं सेमिनरीत काढली, पाद्री झालो नाही, पण लॅटिन राहिली. ताईंनी मराठी आणि ग्रीकबद्दल लिहिलेलं वाचून फादर थॉमस स्टीफन्स आठवले. गोव्यातल्या साष्टीत राहून 1616 साली मराठीत ख्रिस्तपुराण छापणारे. त्यांनी 1583 मध्ये गोव्याहून भावाला पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची आहे. संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगणारं विल्यम जोन्सचं कलकत्त्याचं भाषण 1786 चं. म्हणजे दोनशे वर्षं आधी, आपल्या कोकणी-मराठीच्या गावांत फिरून एका माणसाच्या कानाला ते जाणवलं होतं.

आम्हाला लॅटिन शिकवली ती प्रार्थनेची. रोमन कवी व्हर्जिल मी साठी उलटल्यावर स्वतःहून उघडला. रोज सकाळी दहा ओळी. चौथ्या सर्गात पोचलो आहे. घाई नाही.

कॅमकाठी

इंग्लंडची पद्धत थोडी वेगळी असल्याने लिहिते. केंब्रिजला क्लासिक्सचे दोन रस्ते आहेत. शाळेत लॅटिन झालेल्यांना तीन वर्षं. अजिबात न झालेल्यांना चार, आणि त्यातलं पहिलं वर्ष जवळपास सगळं लॅटिनचं. मी चारवाली. ग्रीक मी दुसऱ्या वर्षी सुरू केलं. म्हणजे भारतातल्या शाळेतून आलात म्हणून दार बंद नाही. शेवटच्या वर्षी साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, कला व पुरातत्त्व, भाषाशास्त्र यांतून निवडायचं असतं.

आमच्या इमारतीत प्लास्टरच्या प्रतिकृतींचं दालन आहे, साडेचारशेच्या वर पुतळे. सगळे पांढरे, आणि मध्येच अथेन्सच्या अक्रोपोलिसवरच्या एका मुलीच्या पुतळ्याची प्रत भडक रंगवलेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपल्या गावच्या देवळाचं शिखर आठवलं. ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत हे पुस्तकात वाचलं होतं, पण तो पांढरा रंग म्हणजे काळाने धुतलेला रंग आहे हे तिथे उभं राहून पटलं.

आणि विंडोलांडाच्या पाट्या. इंग्लंडच्या उत्तरेला रोमन छावणीत 1973 पासून सापडत गेलेल्या, पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी फळ्या, शाईने लिहिलेल्या. इसवी सन 100 च्या आसपास क्लाउडिया सेवेरा नावाची एक अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला, सुल्पिकिया लेपिदिनाला, 11 सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते. पत्र लेखनिकाच्या हातचं, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्यात. अक्षर जरा अडखळतं. 'वाट बघेन, बहिणी,' असं म्हणते. आम्हाला वर्गात त्या पाटीचा फोटो दिला आणि अक्षर कुठे बदलतं ते शोधायला सांगितलं. तो बदल सापडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी आई ताईला चिठ्ठी लिहायची ती बाबांकडून, आणि खाली दोन ओळी स्वतःच्या.

नाशिकचा बाप

सगळं वाचलं. लेक अकरावीत आहे, तिला हेच करायचंय. मी कारखान्यात फोरमन आहे. मला एवढंच विचारायचंय, खर्च किती आणि पुढे पोट कसं भरतं? लपवून सांगू नका.

तेरणाकाठ

दादा, लपवत नाही.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिकवणी शुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी असते. हायडेलबर्ग ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो पडतात. वर्षाला दोन सत्रं. खरा खर्च राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठीच वर्षाचे साधारण 12 हजार युरो बंद खात्यात दाखवावे लागतात. मी ग्रंथालयात आणि एका बेकरीत काम करून बराच भाग भागवला. इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट आहे. शिष्यवृत्तीशिवाय, घर गहाण टाकून त्या वाटेला जा असं मी कुणालाही सांगणार नाही.

जर्मनीत बी.ए.ला शिकवतात जर्मनमध्येच. त्यामुळे लेकीला आत्तापासून जर्मन लावा, ते कुठल्याही विषयाला उपयोगी पडेल. बारावीवर थेट प्रवेश मिळतोच असं नाही, मधल्या पूर्वतयारीच्या वर्षाचीही चौकशी करून ठेवा.

पोटाचं. जर्मन शाळांत इंग्रजी, फ्रेंचनंतर सर्वांत जास्त शिकली जाणारी परकी भाषा लॅटिनच आहे, म्हणून माझ्या बरोबरीच्या जर्मन मुलांतले बरेच शिक्षक झाले. आपल्याला त्यासाठी आणखी शिक्षण आणि जर्मन अगदी पक्कं लागतं. इंग्लंडमध्ये वकिली, सरकारी नोकरी, प्रकाशन इथे कुठल्याही विषयाची चांगली पदवी चालते, त्यामुळे क्लासिक्सवाले तिकडे जातात. विद्यापीठातल्या कायमच्या जागा फार थोड्या. मी स्वतः सध्या हस्तलिखितांच्या डिजिटल नोंदी करते. काम मनासारखं आहे, पण करार मुदतीचा आहे आणि दोन वर्षांनी काय हे मला ठाऊक नाही. हे तिला आत्ताच सांगा. ऐकूनही ती थांबली नाही तर तिला अडवू नका.

नाशिकचा बाप

समजलं. जर्मनचा क्लास सोमवारपासून लावतो. बाकी तिच्याशी बसून बोलतो.

कॅमकाठी

दादा, तिला मला निरोप पाठवायला सांगा. प्रवेशाचा अर्ज लिहिताना मी मदत करेन.

गोदातीर

तेरणाकाठ ताई, मी पैठणची, बी.ए. पहिल्या वर्षाला आहे. तुमचा धागा परवा रात्री वाचला आणि ते हस्तलिखित शोधलं. हायडेलबर्गच्या ग्रंथालयाने सगळी पानं मोफत ठेवली आहेत! ग्रीक अक्षरं दोन दिवसांत पाठ केली आणि नाव शोधत बसले. पण पोथीतली अक्षरं तुम्ही सांगितली तशी नाहीतच, सगळी गोल गोल, एकमेकांत अडकलेली. आल्फाला तर दांडीच नाही. मग चूक रेघेने झाली असं कसं म्हणता येईल?

तेरणाकाठ

गोदातीर, फार छान पकडलंस. हाच प्रश्न आम्हाला सरांनी दुसऱ्या तासाला विचारला होता.

ही दहाव्या शतकातली पोथी लहान, लपेटीच्या लिपीत आहे. त्या लिपीत आल्फा गोल असतो, लाम्ब्दाशी त्याचा घोटाळा सहज होत नाही. आल्फा आणि लाम्ब्दा एकमेकांसारखे दिसतात ते जुन्या, मोठ्या लिपीत. नवव्या शतकाच्या सुमारास जुन्या पोथ्या मोठ्या लिपीतून या लहान लिपीत उतरवल्या गेल्या. म्हणजे चूक त्या उतरवणीच्या वेळी किंवा त्याच्याही आधी झालेली असणार, आपल्या पोथीच्या लेखकाने समोर आलं ते नकललं. एका अक्षरावरून आपल्याला न सापडलेल्या पोथीची लिपी कळली.

तुला शब्द सापडला का?

गोदातीर

आत्ता सापडला. आधी 'पाय' हे अक्षर, मग लाम्ब्दा, मग योटा. खरंच प्लिथाना आहे. आजोबांना उठवून मोबाईलवर मोठं करून दाखवलं. ते म्हणाले, यात आपलं पैठण कुठाय? मी त्यांना वहीत ती रेघ काढून दाखवली.